पट्टी कोणती?

गणेशोत्सवातील गाण्यांच्या तालमीत पहिला प्रश्न ठरलेला: ‘पट्टी कोणती?’ हल्ली तरुण मंडळी पट्टी ओळखणारे मोबाईलवरचे ॲप संगणकावर चढवून त्याला गाणे ऐकवतात. पडद्यावर ‘सी शार्प’ उमटते, म्हणजे आपली काळी एक.

सूर मोजण्याची ही हौस बडोद्याला नवी नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली. १९१० मध्ये सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचे गणित पुस्तकरूपाने मांडले. १९१६ साली बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तीत श्रुतींची चर्चा झाली.

ॲप बारा स्वरांपैकी कोणता किती वाजला, यावरून पट्टीचा अंदाज बांधते. पण मालकंसाचेच पाच स्वर कोमल धैवताला षड्ज मानून वाजवले, की भूप होतो! त्यामुळे मालकंस ऐकून ॲप धैवतालाच षड्ज समजू शकते. गाणाऱ्याचा षड्ज सांगतो तो तंबोरा. तेव्हा ॲप खुशाल वापरावे. पण मुलांना आधी तंबोऱ्यापाशी बसवावे. आपल्या वाडवडिलांचा कान तिथेच तयार झाला.