मॅट्रिक ते सीईटी : पुण्यातील प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा इतिहास

पुण्यात महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी मॅट्रिकपासून सुरू झाली. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये घेतली. म. गो. रानडे आणि रा. गो. भांडारकर तिच्यात उत्तीर्ण झाले. पुढे मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट असा अर्थ रूढ झाला, तरी मुळात ती विद्यापीठात प्रवेश मिळवण्याची परीक्षा होती.

तिची तयारी हे शाळेचेच काम होते आणि मॅट्रिकच्या निकालावर शाळेचा लौकिक ठरे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले. राष्ट्रीय शिक्षणाचे ध्येय असले तरी पालकांचा विश्वास मॅट्रिकच्या निकालानेच मिळणार होता. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे त्या काळचे मोठे बक्षीस. याच शाळेच्या चालकांनी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू केले.

मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना परीक्षांची दारे उघडली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, निघाले. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ पासून मातृभाषेतून शिक्षण देत स्वतःची वेगळी प्रवेशपरीक्षा ठेवली. बाहेरगावच्या गरीब मुलांना अभ्यासाइतकीच जेवणाची चिंता असे. वार लावून किंवा माधुकरी मागून ती शिकत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा मुलांची सोय केली. शिक्षकांच्या घरी खासगी शिकवण्या चालत, पण त्या शाळेला पूरक होत्या.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. १९७५ च्या सुमारास दहावी-बारावीची रचना आली आणि प्रवेशाचा कस बारावीवर आला. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या जागा बारावीच्या गुणांवर मिळत. सरकारी महाविद्यालयांत जागा मोजक्या असल्याने एकेका गुणासाठी चुरस असे. १९८३ पासून खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या, तरी जुन्या सरकारी महाविद्यालयांची ओढ कमी झाली नाही. बारावीच्या क्लासला याच काळात बरकत आली. आयआयटीची स्वतंत्र परीक्षा देऊ पाहणाऱ्यांसाठी सदाशिव पेठेच्या परिसरात खास क्लास उभे राहिले.

१९९९ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, आली, नंतर अभियांत्रिकीचीही. बारावीचे लांब उत्तर आणि सीईटीचा बहुपर्यायी प्रश्न यांचा अभ्यास वेगळा. पहिल्यात मांडणीला गुण, दुसऱ्यात वेगाला. शाळा-महाविद्यालये बोर्डाच्या परीक्षेला बांधलेली राहिली आणि दुसरी तयारी क्लासकडे गेली. पुढे नियम वारंवार बदलले. २०१४ व २०१५ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशांसाठी जेईई मेन ही राष्ट्रीय परीक्षा धरली गेली, २०१६ मध्ये सीईटी परतली. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेश पूर्णपणे ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेवर होऊ लागले.

बोर्ड आणि प्रवेशपरीक्षा अशा दुहेरी तयारीतूनच ‘इंटिग्रेटेड’ पद्धत फोफावली : नाव कनिष्ठ महाविद्यालयात, दिवस क्लासमध्ये. रिकाम्या वर्गांना आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये पुण्यासह काही शहरांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, असे सांगितले.