ताटामागचे तळे

दिवाळीच्या ताटाला इतिहास असतो, असे म्हटले तर पुष्कळांना ते अतिशयोक्त वाटेल. इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. वडे आणि अनारसे येत नाहीत. परंतु एखाद्या मुलखातला मनुष्य सणाच्या दिवशी काय जेवतो आणि जेवण्यापूर्वी कोणाची आठवण काढतो, यावरून त्या मुलखाची जी ओळख पटते, ती सनावळ्या घोकून पटेलच असे नाही.

आमचा मुलूख झाडीपट्टीचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. माझ्या लहानपणी आम्ही सारे भंडारा जिल्ह्यातलेच म्हणवून घेत असू. नवेगावबांधपासून बैलगाडीने दोनेक तासांवर आमचे खेडे. गावाला एक तळे, तळ्याखाली धानाच्या बांध्या, आणि बांध्यांपलीकडे मोहाचे व सागाचे रान.

दिवाळीच्या सुमारास हलका धान घरात येई. भारी धान अजून बांधीतच उभा असे. त्या नव्या तांदळाचा पहिला भात दिवाळीत शिजे. लुचई, हिरानखी, चिन्नोर ही नुसती वाणांची नावे नव्हेत; भात चुलीवर चढला की कोणता वाण आहे, हे अंगणात खेळणारी पोरे वासावरून सांगत. अनारशांना तांदूळ घरचा आणि गूळही जवळपासचाच. वडे तळायचे ते जवसाच्या तेलात. हा जवस आणि लाखोळी, दोन्ही धानाच्याच बांधीत उरलेल्या ओलीवर वाढणारी पिके. शिंगाडे तळ्यातले. थोडक्यात, त्या ताटात परका पदार्थ एकच, तो म्हणजे गहू. बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि गोंदिया हे पुढे मोठे जंक्शन झाले. तांदूळ डब्यांत भरून बाहेर जाऊ लागला, आणि साखर, मैदा आत येऊ लागला. आमच्या घरी करंज्या होत, पण मोजून; मुलांना दोन-दोन. भाताला मोजमाप नसे.

या सगळ्यांच्या मुळाशी तळे होते. धान हे पाण्यात उभे राहणारे पीक. पाऊस आठ-पंधरा दिवस दडला की ते करपते. म्हणून या मुलखात शेकडो वर्षांपासून तळी बांधली गेली. हे काम मुख्यतः कोहळी समाजाचे. गोंड राजांच्या काळी उत्तरेकडून आलेल्या या लोकांना उतार पाहून पाळ कोठे घालावी, याची उपजत जाण असे. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. डोंगरांमधल्या फटी मातीच्या बांधांनी बुजवून त्याने पाणी अडवले. तीनशे वर्षे झाली, तरी ते पाणी अजून आहे.

आमची आजी निरक्षर होती, परंतु हा इतिहास ती पाळत असे. पाडव्याच्या दिवशी ताटे वाढली की आम्ही हात पुढे करीत असू, आणि ती म्हणे, "थांब बापू, पयले पाण्याचा हिस्सा." पळसाच्या पानावर भात, वडा, अनारसा असा एक वाटा तळ्याच्या पाळीवर ठेवला जाई. दुसरा वाटा गाईबैलांचा. तिसरा गोवाऱ्याचा, चौथा ढिवरांचा, पाचवा घरच्या सालदाराचा. मग आमचा. "आभार" हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. बोलून मोकळे व्हावे अशी ती गोष्टच नव्हती. ती वाढण्याची गोष्ट होती.

१९६५ सालची दिवाळी मला स्पष्ट आठवते. त्या वर्षी पावसाने देशभर दगा दिला होता आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले होते. वरथेंबी बांध्या वाळल्या. तळ्याखालच्या तेवढ्या तगल्या. पाणी पाळीपाळीने, रात्री कंदील घेऊन सोडले जाई. त्या दिवाळीत अनारसे झाले नाहीत. करंज्यांचा तर प्रश्नच नव्हता. पण भात झाला, आणि आजीने पाचही वाटे काढले. वडील म्हणाले, "यंदा लहान काढा." आजी म्हणाली, "यंदाच तं मोठे पायजेत."

मात्र या आठवणीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर हा इतिहास खोटा ठरेल. पाडव्याला गायगोधनाच्या दिवशी गोवारी ढाल नाचवीत, डफ-बासरी वाजवीत दारी येत. शेणाच्या गोवर्धनावरून गुरे नेली जात. घरोघरी त्यांना सुपाने धान मिळे. शिंगाडे घेऊन येणाऱ्या ढिवरणीच्या पदरात वडे पडत. परंतु देणारा ओसरीवर आणि घेणारा अंगणात, ही रेघ कोणी पुसत नसे. ज्याने वर्षभर गुरे राखली, जिने पाण्यात उतरून शिंगाडे काढले, त्यांना धान्य मिळे, पंगत मिळत नसे. पुढे १९७०च्या सुमारास आईने ढिवरणीचे पान ओसरीवर, आपल्या पानाशेजारी मांडले. आजी काही क्षण पाहत राहिली आणि मग तिनेच भात वाढला. गावात दोन दिवस कुजबूज झाली. तिसऱ्या दिवशी मंडई भरली, दंडारीचे ढोलके वाजू लागले आणि ती विरली.

सगळ्याच रेघा इतक्या सहज पुसल्या नाहीत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या हक्कांसाठी नागपुरास मोर्चा घेऊन गेलेल्या गोवारी बांधवांपैकी ११४ जण चेंगराचेंगरीत मृत्यू पावले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. ज्यांच्या डफावर आमच्या दिवाळ्या साजऱ्या झाल्या, त्यांचे देणे सूपभर धानाने फिटले नव्हते, हे त्या दिवशी कळावयास हवे होते.

तळ्यांचेही तसेच झाले. १९५१ साली मालगुजारी संपली व तळी सरकारकडे गेली. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची गावाची शिस्तही सैल झाली. तळे सर्वांचे झाले आणि हळूहळू कोणाचेच राहिले नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, देशी मासे कमी झाले. समाधानाची गोष्ट अशी की, अलीकडच्या काळात अर्जुनी मोरगाव भागात ढिवर स्त्री-पुरुषांनीच पुढे होऊन काही तळ्यांत झुडपे उपटली, पाणवनस्पती लावल्या, देशी मासे पुन्हा वाढवले. ज्यांचा वाटा चौथा होता, त्यांनीच पहिला हात लावला.

वाचकहो, दिवाळीचे ताट समोर येईल तेव्हा त्यातला भात कोणत्या पाण्यावर पिकला, याची घटकाभर चौकशी करून पाहा. ते पाणी कोणी अडवले, रोवणीत कोणाच्या कंबरा वाकल्या, गुरे कोणी राखली, हे आपोआप पुढे येईल. नावे कळली की वाटे काढणे अवघड नाही. आणि वाटा काढताना पानही आपल्याच रांगेत मांडावे.