पोटातल्या बाळाच्या वाट्याचे किरण



बचत गटाच्या बैठकीत हप्ते-व्याज उरकलं की बायका मनातलं बोलायला लागतात. बारामती-इंदापूरकडे थायरॉईडचा नाहीतर हाडांचा स्कॅन करायला पुण्याला जाणं आता नवं नाही. स्कॅन झाला आणि मागाहून कळलं की दिवस गेलेत, तर मूल ठेवायचं की नाही? घरचे घाबरतात, शेजारीण ‘पाडून टाक’ म्हणून मोकळी होते.

हा स्कॅन म्हणजे सोनोग्राफी नव्हे. सोनोग्राफीत किरणोत्सार नसतोच. इथे किरणोत्सारी औषध शिरेतून किंवा तोंडाने देतात, ते अंगात फिरतं, आतून किरण सोडतं आणि कॅमेरा ते टिपतो. बाळाला किती किरण लागले हे पोटात यंत्र घालून मोजता येत नाही, त्याचा हिशेबच मांडावा लागतो. तो मांडायला जग कसं शिकलं, ते आज सांगते.

1945 ते 1947 या काळात अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या दवाखान्यात आठशेहून जास्त गरोदर बायकांना एक पेय प्यायला दिलं गेलं. त्यात किरणोत्सारी लोह होतं. गरोदर बाईचं अंग लोह किती शोषून घेतं, हे पाहायचं होतं. प्रश्न चांगलाच होता; रक्त कमी असणं आपल्याकडेही घरोघरी आहे. पण त्या बायकांना कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. पुढे 1960 च्या दशकात त्यांच्या मुलांची माहिती काढली, तेव्हा काही मुलं कॅन्सरने गेलेली आढळली. ते पेय न घेतलेल्या बायकांच्या मुलांत तसं एकही नव्हतं. बायका कोर्टात गेल्या आणि 1998 मध्ये एक कोटी डॉलरहून जास्त भरपाईवर तडजोड झाली. पन्नास वर्षांनी!

दुसरी गोष्ट इंग्लंडची. ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांना प्रश्न पडला, लहान मुलांना रक्ताचा कॅन्सर का होतोय? त्या म्हणाल्या, आयांनाच विचारू. कॅन्सरने गेलेल्या आणि धडधाकट मुलांच्या आयांना एकच प्रश्नावली विचारली. 1956 मध्ये पहिला निष्कर्ष आला, 1958 मध्ये सविस्तर. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढल्याचं गेलेल्या मुलांच्या आयांनी जवळपास दुपटीने सांगितलं होतं. बरेच डॉक्टर म्हणाले, बायकांच्या आठवणीवर काय विश्वास ठेवायचा? मग 1962 मध्ये अमेरिकेत दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांचाही कल तोच निघाला.

आपल्याकडे 1963 मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होणारी किरणोत्सारी द्रव्यं रोग्यांच्या कामी येऊ लागली. मात्र जगभर हिशेब बराच काळ सत्तर किलोच्या ‘प्रमाण पुरुषा’च्या देहावरून चालायचा. गरोदर बाईचा हिशेब पुरुषाच्या मापाने! तीन, सहा आणि नऊ महिन्यांच्या गरोदर बाईच्या शरीराचे गणिती नमुने तयार होऊन कामाचे तक्ते हाती आले ते 1990 च्या दशकात.

हिशेबातून काय निघालं? सुरुवातीच्या महिन्यांत हाडांच्या स्कॅनमधून बाळाला साधारण 4 ते 5 मिलिग्रे किरण लागतात. निसर्गातून नऊ महिन्यांत सुमारे 1 मिलिग्रे लागतातच. किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2000 मध्ये सांगितलं, की 100 मिलिग्रेच्या आत असेल तर केवळ किरणांच्या कारणाने गर्भपात करणं योग्य नाही. म्हणजे शेजारणीचा सल्ला बहुतेक वेळा चुकीचाच. पण थायरॉईडच्या उपचाराला देतात ते किरणोत्सारी आयोडीन वेगळं. ते वारेतून बाळापर्यंत जातं, आणि साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून बाळाची थायरॉईड ग्रंथी ते ओढून घेते. ग्रंथी कायमची निकामी होऊ शकते. म्हणून गरोदरपणात ते देत नाहीत.

तेव्हा पाळी चुकली असेल तर स्कॅनआधीच सांगा. स्कॅन होऊन गेला असेल तर दवाखान्यातून औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लिहून घ्या. पाळीची तारीख जोडली की तिथले किरणतज्ज्ञ बाळाचा आकडा काढून देतात, आणि तो हातात घेऊन डॉक्टरांशी बोला.

आणखी एक. यातली बरीच औषधं लघवीवाटे जातात, आणि मूत्राशय गर्भाशयाला अगदी खेटून असतं. परगावी गेलं की आपण पाणी पीत नाही, लघवी दाबून ठेवतो. तेवढा वेळ किरण बाळाजवळच साठतात. स्कॅनच्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढं भरपूर पाणी प्या, आणि बाथरूम कुठे आहे ते पोचल्यापोचल्या विचारून ठेवा.