संचालकांच्या टेबलावरच राहिलेला इशारा

"तुझा पीएचडीचा विषय काय?" या प्रश्नाला मी "मॅनेजमेंट लेटर" असं उत्तर दिलं, की समोरचा गप्प होतो. म्हणून सोपं करून सांगते. ऑडिट करताना कारभारातल्या ज्या त्रुटी दिसतात, त्या ऑडिटर वेगळ्या पत्रात कंपनी चालवणाऱ्यांना कळवतो. ऑडिट रिपोर्ट भागधारकांसाठी असतो. हे पत्र मात्र घरातल्या घरात. मग त्याचा उपयोग काय?

त्यासाठी १८९२ च्या लंडनमध्ये जाऊ. लंडन अँड जनरल बँकेचे ऑडिटर थिओबाल्ड यांनी संचालकांना खासगी अहवाल दिला: कर्जांना पुरेसं तारण नाही, यंदा लाभांश देऊ नये. बँकेचा सूत्रधार, खासदार जेबेझ बाल्फोर याच्या आग्रहावरून लाभांशाचं वाक्य त्यांनी गाळलं. भागधारकांना कळलं ते इतकंच, की मालमत्तेची किंमत वसुलीवर अवलंबून आहे. लाभांश वाटला गेला आणि त्याच वर्षी बँक बुडाली! १८९५ मध्ये अपील न्यायालयाने थिओबाल्डना जबाबदार धरलं. भागधारकांना माहिती द्यायची असते, नुसती शंका येईल असं लिहून भागत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

म्हणजे खासगी इशारा निरुपयोगी? नाही. निदान अचूक होतं. पण वाचणाऱ्यांना रोग बरा करायचाच नव्हता.

आता आपल्याकडची प्रायव्हेट लिमिटेड बघा. भागधारक आणि संचालक बऱ्याचदा एकाच घरातले. चेक लिहिणारा आणि बँकेचा हिशेब जुळवणारा माणूसही एकच. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशा अंतर्गत नियंत्रणांवर ऑडिटरने रिपोर्टात मत द्यायचं असतं. पण ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल आणि २५ कोटींपेक्षा कमी कर्ज असलेल्या खासगी कंपन्यांना २०१७ पासून, काही अटींवर, त्यातून सूट आहे. मग ही त्रुटी कागदावर येते कुठे? बहुतेक वेळा याच पत्रात. गंभीर त्रुटी लेखी कळवणं ऑडिटरवर आजही बंधनकारक आहे.

तेव्हा तुमची कंपनी असेल, तर ते पत्र फाईलला लावण्याआधी वाचा. प्रत्येक मुद्द्यासमोर कोण करणार आणि कधीपर्यंत, ते लिहा. पुढच्या वर्षी तोच मुद्दा पुन्हा आला, तर चूक हिशेबनिसाची नाही, तुमची.