रंगग्रहण, डिजिटल कॅमेऱ्यातील

दृश्यातून येणाऱ्या प्रकाशाची लाल, हिरव्या व निळ्या घटकांत विभागणी करून नोंद घेण्याची क्रिया व त्यासाठी केलेली सेन्सरची रचना. सेन्सरमधला फोटोडायोड मुळात रंगांध असतो. सिलिकॉनवर पडलेला फोटॉन एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो; तो फोटॉन निळ्या प्रकाशाचा होता की लाल, याची कोणतीही खूण त्या इलेक्ट्रॉनवर उरत नाही. म्हणून रंग हवा असेल तर प्रकाश सिलिकॉनपर्यंत पोचण्याआधीच त्याची निवड करावी लागते, नाहीतर तो सिलिकॉनमध्ये किती खोल शिरला हे मोजावे लागते. वापरातले बहुतेक सगळे कॅमेरे पहिला मार्ग धरतात. जाहिरातींत पिक्सेलसंख्येचा गाजावाजा होतो. रंगाची अचूकता मात्र तिच्यावर नव्हे, तर फिल्टरांच्या वर्णपटीय वक्रांवर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : तीन फिल्टरांतून तीन छायाचित्रे घेऊन ती एकमेकांवर प्रक्षेपित केली की रंग परत मिळतो, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1861 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवले. विषय होता पट्ट्यापट्ट्यांची स्कॉटिश फीत. छायाचित्रे टॉमस सटन यांनी घेतली होती. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना लाल प्रकाश जवळजवळ कळतच नसे, तरी प्रयोग यशस्वी झाला. शंभर वर्षांनी कोडॅकच्या राल्फ एव्हान्स यांनी याचा उलगडा केला : फितीचा लाल रंग अतिनील प्रकाशही परावर्तित करत होता, ‘लाल’ फिल्टर तो आत सोडत होता आणि काचेवर उमटला होता तो अतिनील. डोळ्याला न दिसणारा प्रकाश रंगात मिसळण्याचा हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्यातही सुटलेला नाही (पुढे अवरक्त फिल्टर पहा). एकाच काचेवर तिन्ही रंगांचे बारीक फिल्टर पसरण्याची युक्तीही डिजिटल युगाच्या आधीची आहे. ल्युमिएर बंधूंच्या 1907 साली बाजारात आलेल्या ऑटोक्रोम काचांवर बटाट्याच्या पिष्टाचे रंगवलेले कण त्यासाठी पसरलेले असत.

बायर जाळी : आजच्या बहुसंख्य सेन्सरांवर असलेली फिल्टरांची जाळी ब्राइस बायर (1929–2012) यांच्या नावाने ओळखली जाते. बायर हे रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीत संशोधक होते. कमी छटांच्या पडद्यावर अनेक छटांचा आभास निर्माण करणारी ठिपक्यांची आव्यूह-पद्धतीही त्यांचीच, पण ती ‘जाळी’इतकी प्रसिद्ध नाही. जाळीच्या पेटंटासाठी 5 मार्च 1975 रोजी अर्ज केला गेला व 20 जुलै 1976 रोजी ते मिळाले (अमेरिकन पेटंट क्र. 3,971,065). त्याच 1975 साली कोडॅकमध्येच स्टीव्हन सॅसन यांनी पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा बांधला. तो 100 × 100 पिक्सेलचा आणि कृष्णधवल होता.

पेटंटाचा मजकूर आजही वाचण्याजोगा आहे. बायर यांनी घटकांना रंगांची नावे देण्याआधी कामे दिली आहेत : काही घटक दीप्ती (उजळपणा) टिपणारे आणि काही वर्ण टिपणारे. मानवी डोळा बारीक तपशील ओळखतो तो मुख्यतः उजळपणाच्या फरकावरून. उजेडातली त्याची संवेदनक्षमता 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यात, सर्वाधिक असते. त्यामुळे दीप्तीचे काम हिरव्याकडे गेले व त्याला निम्म्या जागा मिळाल्या. बुद्धिबळाच्या पटावरील काळी घरे सगळी हिरवी समजावीत. उरलेल्या पांढऱ्या घरांत एका ओळीत लाल, पुढच्या ओळीत निळा. 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर अशा रीतीने 1 कोटी 20 लाख हिरवे, 60 लाख लाल व 60 लाख निळे पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला तीनपैकी एकच रंग मोजून मिळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून गणिताने भरले जातात. या क्रियेला डिमोझेइकिंग म्हणतात. रंगीत छायाचित्रातील दोन-तृतीयांश आकडे अशा प्रकारे मोजलेले नसून अनुमानलेले असतात.

अनुमान चुकते ते मुख्यतः बारीक, नियमित नक्षीवर. विणीचे कापड किंवा दूरची जाळीदार खिडकी यांवर लाल-निळसर लाटा (मॉयरे) उमटतात. त्या टाळण्यासाठी प्रतिमा किंचित पसरवणारा द्विअपवर्ती स्फटिकाचा थर सेन्सरपुढे बसवत. पिक्सेल बारीक होत गेले तशी अनेक उत्पादकांनी तो कमी केला किंवा काढून टाकला.

वर्णपटीय वक्र व ल्यूथर अट : या विषयाचा गाभा हाच, आणि सामान्य लेखनात सर्वाधिक दुर्लक्षित भागही हाच. जाळीतली मांडणी तपशिलाची काळजी घेते. रंग खरा येईल की खोटा, हे प्रत्येक फिल्टर कोणती तरंगलांबी किती आत सोडतो यावर ठरते. रॉबर्ट ल्यूथर यांनी 1927 मध्ये मांडलेली अट अशी : कॅमेऱ्याचे तीन संवेदन-वक्र हे मानवी डोळ्याच्या तीन वक्रांचे एकघाती संयोग असतील, तरच डोळ्याला सारखे दिसणारे रंग कॅमेऱ्यालाही सारखे दिसतील आणि वेगळे दिसणारे वेगळे. ही अट तंतोतंत पाळणारा कॅमेरा सर्वसामान्य बाजारात नाही. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात नेल्यावर वेगळा निघतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे दिवा बदललेला असतो; कॅमेऱ्याच्या बाबतीत दिवा तोच राहतो आणि पाहणारा बदलतो. परिणाम सारखाच. दोन निराळे रंगद्रव्य-पदार्थ डोळ्याला एक दिसतात आणि छायाचित्रात वेगळे होतात, किंवा उलटे घडते. नंतर सॉफ्टवेअरने कितीही दुरुस्ती केली तरी ही चूक पूर्ण भरून निघत नाही, कारण कॅमेऱ्याने ज्या दोन रंगांना एकच आकडा दिला ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

मग उत्पादक डोळ्यासारखेच फिल्टर का बसवत नाहीत? डोळ्यातील लाल व हिरव्या बाजूच्या शंकुपेशींचे वक्र एकमेकांवर फार मोठ्या प्रमाणात चढलेले आहेत. सेन्सरवर तसेच केले तर दोन जवळजवळ समान आकड्यांची वजाबाकी करून रंग काढावा लागतो, आणि वजाबाकीत संकेत घटतो पण नॉइज (आकड्यांतील यादृच्छिक चढउतार) वाढतो. उदाहरणादाखल, कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून पडद्याचा लाल रंग काढण्यासाठी लाल, हिरवा व निळा यांना अनुक्रमे 1.8, −0.7 व −0.1 असे गुणक लावावे लागले, तर त्यांची बेरीज 1 येते, म्हणजे करडा रंग करडाच राहतो. पण तिन्ही वाहिन्यांतील नॉइज समान व परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास तो सुमारे 1.9 पट होतो. फिल्टर एकमेकांपासून दूर ठेवले तर गुणक सौम्य होतात, पण ल्यूथर अट आणखी मोडते. फिल्टर फिके केले तर प्रकाश जास्त मिळतो आणि गुणक पुन्हा तीव्र होतात. सेन्सरची रंगरचना म्हणजे या तिढ्यातली तडजोड. जुन्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरांचे रंग आजच्या सीमॉस प्रकारच्या सेन्सरांपेक्षा सरस होते, असे मानणारा एक वर्ग आहे. फरक असलाच तर तो सीसीडी-सीमॉस या भेदापेक्षा फिल्टर व रंगप्रक्रिया यांत शोधणे अधिक युक्त ठरेल.

दिव्याचाही वाटा आहे. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा घटक कमी असल्याने श्वेतसंतुलन करताना निळ्या वाहिनीला मोठा गुणक लावावा लागतो. घरातल्या छायाचित्रांत निळ्या छटा दाणेदार दिसतात त्या यामुळे.

अवरक्त फिल्टर : सिलिकॉनची संवेदनक्षमता सुमारे 1100 नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या बरीच पुढे जाते आणि जाळीतले रंगीत फिल्टर अवरक्त प्रकाश अडवत नाहीत. त्यासाठी सेन्सरपुढे स्वतंत्र काच लागते. 2006 मधील लायका एम8 या कॅमेऱ्यात ही काच पातळ ठेवली होती. काळे कृत्रिम कापड अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करते, त्यामुळे काळे कोट जांभळट येऊ लागले. कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत दिले.

अन्य मांडण्या : सोनीने 2003 मध्ये एफ828 या कॅमेऱ्यात निम्म्या हिरव्यांच्या जागी पाचूसारखा निळसर-हिरवा चौथा फिल्टर वापरला. ल्यूथर अटीच्या दृष्टीने हा प्रयत्न लक्षणीय, पण त्याची परंपरा निर्माण झाली नाही. निळसर (सायन), पिवळा, किरमिजी अशा पूरक रंगांचे फिल्टर प्रकाश अधिक सोडतात. व्हिडिओ कॅमेऱ्यांत व काही आरंभीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत ते होते. 2007 मध्ये कोडॅकने काही पिक्सेल फिल्टरविना ठेवण्याची योजना जाहीर केली. हुआवेने पी30 या मोबाइल-मालिकेत (2019) हिरव्याच्या जागी पिवळा घेतला. अंधारात याचा लाभ उघड आहे. रंगांबाबत मतभेद आहेत. फुजीफिल्मची एक्स-ट्रान्स (2012) ही 6 × 6 ची जाळी असून तिच्या 36 घरांत 20 हिरवी, 8 लाल व 8 निळी असतात. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत तिन्ही रंग येतात. मॉयरे कमी करणे हा तिचा हेतू आहे. रंग सुधारण्याशी तिचा संबंध जोडला जातो, पण तो मांडणीमुळे सिद्ध होत नाही. मोबाइलमध्ये एकाच रंगाचे चार पिक्सेल एकत्र ठेवणारी चौकडी-मांडणी रूढ आहे.

फोव्हिऑन : जाळीला दिलेला एक दखलपात्र पर्याय. सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश पृष्ठाजवळ शोषला जातो, हिरवा त्याखाली आणि लाल काही मायक्रोमीटर खोल जातो. अमेरिकेतील फोव्हिऑन कंपनीने (स्थापना 1997, संस्थापकांत कार्व्हर मीड) याचा उपयोग करून एकाखाली एक तीन फोटोडायोड रचले. या रचनेचे श्रेय मुख्यतः रिचर्ड मेरिल यांना दिले जाते. 2002 मधील सिग्मा एसडी9 या कॅमेऱ्यात 2268 × 1512 जागा होत्या व प्रत्येक जागी तिन्ही रंग मोजले जात. अनुमान नाही, म्हणून मॉयरेचे रंगही नाहीत. तपशील त्या काळी थक्क करणारा होता. त्याला 3.4 मेगापिक्सेल म्हणावे की 10.2, हा वाद पुष्कळ चालला. रंगाच्या बाबतीत मात्र ही रचना सांगितली जाते तितकी निर्दोष नाही. सिलिकॉन हा ओबडधोबड फिल्टर आहे. तिन्ही थरांचे वक्र एकमेकांत बरेच मिसळतात, गुणक तीव्र होतात व मंद उजेडात नॉइज व रंगांचे डाग दिसतात. 2008 मध्ये सिग्माने कंपनी विकत घेतली. 2014 पासूनच्या क्वाट्रो पिढीत वरच्या थरात चौपट पिक्सेल ठेवले गेले. पूर्ण-फ्रेम सेन्सरची घोषणा 2018 मध्ये झाली. 2021 मध्ये तो प्रकल्प पुन्हा मुळापासून सुरू करत असल्याचे सिग्माने कळवले.

प्रिझम-पद्धती : प्रकाश प्रिझमने तीन सेन्सरांवर विभागला जातो, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत दीर्घकाळ रूढ.

प्रकाशाची बचत : शोषक फिल्टर आलेल्या प्रकाशाचा साधारण दोन-तृतीयांश भाग वाया घालवतात. प्रत्येक पिक्सेलवरील सूक्ष्मभिंग आणि तारांचे जाळे मागे नेणारी पृष्ठ-प्रदीप्त रचना (सोनी, 2009) यांनी उरलेल्या प्रकाशाचा उपयोग वाढवला. शेजारच्या पिक्सेलमधून होणारी गळती रंग फिका करते, म्हणून पिक्सेलांमध्ये खोल चर खोदले जातात. प्रकाश शोषण्याऐवजी त्याला वळवून योग्य पिक्सेलकडे पाठवणारे सूक्ष्म विभाजक पॅनासॉनिकच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले.

अवकाशातील उपयोग : मंगळावरील स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांचे पॅनकॅम कॅमेरे जाळीविना होते, फिल्टरांचे चक्र फिरवून एकामागून एक छायाचित्रे घेतली जात. खडक हलत नसल्याने हे चालते, आणि वर्णपटाची निवड शास्त्रज्ञांच्या हाती राहते. क्युरिऑसिटी या गाडीच्या मास्टकॅममध्ये (2012) कोडॅकचा 1600 × 1200 पिक्सेलचा बायर सेन्सर आहे, फिल्टरांचे चक्रही आहे. भारताच्या मंगळयानावरील रंगीत कॅमेरा अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात तयार झाला. त्याच्या 2048 × 2048 पिक्सेलच्या सेन्सरवर बायर जाळीच होती. मंगळावरच्या गाड्यांवर रंगजुळणीसाठी ज्ञात रंगांचे लक्ष्यफलक बसवलेले असतात. त्यांवर धूळ साचत जाते, तेव्हा त्या धुळीचा रंग हिशेबातून वजा करावा लागतो.