ट्रान्झिस्टर आणि एक प्रश्न

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला लटकवून मिरवायचा रेडिओ. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा वर्गात एका मुलाने विचारले, "बाई, त्याच्या आत काय असतं?" मी बी.ए. मराठीवाली. "गप्प बस" म्हणून मोकळी झाले. उत्तर कळले ते परवा, नातवाकडून.

२३ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर वरिष्ठांना दाखवला. या शोधात गटप्रमुख शॉकली यांचा थेट हात नव्हता, ते त्यांना फार लागले. महिन्याभरातच त्यांनी तीन थरांच्या जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. १९५१ मध्ये तो जगापुढे आला. १९५६ चे नोबेल तिघांना मिळाले.

या तीन थरांत जोड दोन. दोन्हींना उलटा दाब (बायस) दिला, तर तो बंद. दोन्हींना सुलटा, तर पूर्ण उघडा. एमिटरकडच्या जोडाला सुलटा (सिलिकॉन असेल तर सुमारे ०.७ व्होल्ट) आणि कलेक्टरकडच्याला उलटा दिला, की तो बारीक आवाज मोठा करतो.

त्या मुलाला मी दोन्हीकडून उलटाच दाब दिला. तो पुन्हा कधी प्रश्न विचारायला उठला नाही.