क्षयजंतूची उलटतपासणी

नागपुरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडलें तें १९४७ सालीं. त्याच सुमारास इंग्लंडांत स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोग्यांवर पद्धतशीर परीक्षा चालली होती. १९४३ सालीं अमेरिकेंत सांपडलेल्या या औषधानें रोगी प्रथम झपाट्यानें सुधारले. पण १९४८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां एक अशुभ गोष्टहि उघड झाली. कित्येकांच्या थुंकींतील जंतु त्या औषधाला दाद देईनासे झाले होते.

तेव्हांपासून वैद्यापुढें प्रश्न उभा राहिला, तो असा : अमुक रोग्याचा जंतु कोणत्या औषधाला जुमानीत नाहीं, हें ओळखावें कसें? उपाय सरळ होता, परंतु फार सावकाश. अंड्यांपासून केलेल्या खाद्यावर जंतु वाढवावयाचा. मग औषध मिसळलेल्या खाद्यावर तो तग धरतो कीं नाहीं, तें पाहावयाचें. आंतड्यांतील सामान्य जंतु वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला त्यासाठीं जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळें उत्तर हातीं येण्यास दोन-तीन महिने जात. तोंवर रोगी निरुपयोगी औषध घेत राही, आणि खोकल्यावाटे तोच हट्टी जंतु घरांतील मुलाबाळांना देत राही.

२००७ सालीं अशा दुर्दम्य क्षयाची सरकारी चिकित्सा गुजराथ व महाराष्ट्र या राज्यांत प्रथम सुरू झाली, तेव्हां नागपूरच्या क्षयरोग संदर्भ प्रयोगशाळेंतहि जंतु वाढवून पाहण्याचाच मार्ग होता.

पुढें शास्त्रज्ञांनीं जंतु वाढविण्याऐवजीं त्याचें जनुक वाचण्याची युक्ति योजिली. रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंपैकीं शेकडा सुमारें ९५ जंतूंत फरक आढळतो, तो एका जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांत. तेवढींच अक्षरें तपासणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०१० मध्यें मान्यता दिली. त्याचें उत्तर दोन तासांत मिळतें. गोव्यांतील कंपनीचें, बॅटरीवर चालणारें ट्रूनॅट यंत्र २०२० सालीं त्याच मान्यतेस पात्र ठरलें. त्यामुळें ही परीक्षा लहान दवाखान्यांपर्यंत जाऊं शकते.

तथापि, या पहिल्या यंत्रपरीक्षेंत प्रश्न विचारला जातो तो मुख्यतः रिफॅम्पिसिनचा. केवळ आयसोनायझिडला न जुमानणारा जंतु तींतून निसटतो. म्हणून इतर औषधांची परीक्षा, आणि तिच्यासाठीं जंतु वाढविण्याची जुनी रीत, अद्याप सुटलेली नाहीं. वांचलेले महिने मात्र रोग्याचे आहेत. आणि त्याहूनहि अधिक, त्याच्या शेजारीं निजणाऱ्या मुलाचे आहेत.